बोलेना आणि बोलवेना : मराठी साहित्यातल्या गप्प माणसाचे वाचन

शालेय व्याकरणात 'शक्य क्रियापद' नावाचा एक छोटा भाग असतो. परीक्षेत तो एखाद्या गुणाला येतो आणि नंतर विसरला जातो. 'आजीला आता चालवते', 'मला एवढा जिना चढवतो' अशी त्याची उदाहरणे. या क्रियापदात माणूस कर्त्याच्या गादीवरून जरा बाजूला सरकतो. त्याला 'ला' लागतो किंवा 'च्याने' लागते. क्रिया त्याच्या इच्छेवर उरत नाही, ती त्याच्या ठिकाणी घडते किंवा घडत नाही. 'तो बोलेना' आणि 'त्याला बोलवेना' या दोन वाक्यांत फरक आहे तो एका 'व'चा आणि एका प्रत्ययाचा. 'बोलेना'त नेहमी हट्टच असतो असे नाही. गाडीही सुरू होईना होते आणि दारही उघडेना होते. पण माणसाबद्दल 'बोलेना' म्हटले की ऐकणाऱ्याला हट्टच ऐकू येतो. त्या माणसावर रागावता येते. 'बोलवेना' म्हटलेल्या माणसावर रागवायला व्याकरणाचीच हरकत आहे.

आमच्या परभणी-गंगाखेडकडे याच्याही पुढचे एक रूप आहे. 'पोरगं बोलंना गेलंय', 'मला बोलनंच व्हईना गेलंय.' प्रमाण मराठीला हे 'गेलंय' अनावश्यक वाटते. मला ते फार नेमके वाटते. बोलणे एरवी घरात असते, आत्ता ते कुठे तरी निघून गेले आहे, आणि गेलेले आहे म्हणजे परत येणार आहे, एवढे सगळे त्या एका शब्दात बसते.

वाक्प्रचारांचेही असेच दोन गट पडतात. मूग गिळणे, मिठाची गुळणी धरणे, तोंडाला कुलूप लावणे, अबोला धरणे : यांत गिळणारा, धरणारा, लावणारा कोणी तरी आहे. वाचा बसणे, दातखीळ बसणे, बोबडी वळणे, शब्द न फुटणे : यांत माणूस काही करत नाही, त्याला काही होते. म्हणजे गप्प राहणे आणि वाचा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाषेला पुरते ठाऊक आहे. आपल्या साहित्याला आणि त्याहून अधिक आपल्या समीक्षेला ते कितपत ठाऊक आहे, हा या लेखाचा विषय. तो पाहताना माझ्यासमोर एक ठरावीक माणूस आहे : एरवी बोलणारा, शिकलेला, नोकरी करणारा प्रौढ स्वमग्न माणूस, ज्याची वाचा ताणाच्या वेळी जाते.

'स्वमग्नता' हा ऑटिझमसाठी रूढ झालेला मराठी शब्द. तो आला तोपर्यंत 'स्वमग्न' हे विशेषण साहित्यात वापरून गुळगुळीत झालेले होते. आत्मनिष्ठ कवीला आपण स्वमग्न म्हणत आलो, थोड्या कौतुकाने आणि थोड्या तक्रारीने. स्वतःत बुडालेला, म्हणजे बुडून राहणे ज्याला आवडते असा. मूळ शब्दातही हा दोष आहेच. ब्लॉयलरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक 'ऑटॉस' म्हणजे 'स्व' यावरूनच तो घडवला. पण ग्रीक शब्द रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही, 'मग्न' आपण वापरतो. भजनात मग्न, कामात मग्न. मग्न माणसाला हाक मारली तर त्याने भानावर यावे, अशी आपली अपेक्षा असते. आजाराच्या नावातच 'बोलेना' शिरलेला आहे.

वैद्यकानेही हा 'व' शोधायला शंभराहून जास्त वर्षे घेतली. काही ठिकाणी बोलणारी आणि काही ठिकाणी वाचा जाणारी माणसे जर्मन वैद्य कुसमाऊलने १८७७ मध्ये नोंदवली आणि त्या अवस्थेला 'ॲफेझिया व्हॉलंटारिया', म्हणजे स्वेच्छेने आलेली वाचाहीनता, असे नाव दिले. १९३४ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ ट्रामरने 'इलेक्टिव्ह म्यूटिझम' म्हटले : निवडलेले मौन. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत हेच नाव १९८० मध्ये आले आणि १९९४ मध्ये त्याचे 'सिलेक्टिव्ह म्यूटिझम' झाले. मौन माणूस निवडत नाही, ते काही प्रसंगीच येते, असा त्या बदलाचा रोख. १९ वर्षे उलटली आणि २०१३ च्या आवृत्तीत ते चिंताविकारांमध्ये गेले. मात्र ज्याची अशी मूकता केवळ ऑटिझमच्या ओघात दिसते त्याला हे निदान लावू नये, असे तीच नियमावली सांगते. आणि ऑटिझमच्या निकषांत ताणाखाली वाचा जाण्याचे नाव नाही. दोन्ही खणांच्या मधल्या फटीत हा माणूस पडतो. त्या फटीबद्दल जे कळले ते मुख्यतः स्वमग्न प्रौढांनी स्वतः लिहू-बोलू लागल्यावर. टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ चे, डोना विल्यम्स यांचे १९९२ चे. मराठीत स्वमग्नतेवरचे बहुतेक लेखन आईवडिलांचे आणि शिक्षकांचे आहे. त्यातली माया खरी आहे, पण त्यातले मूल सहसा मूलच राहते. ते चाळिशीला येते आणि एखाद्या कार्यालयाच्या खिडकीपुढे उभे राहते, हे त्या पुस्तकांत क्वचितच येते.

मी अशी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. मराठी शिकवते, वर्गात पाऊण तास बोलते. एका मुलाखतीत तिघांनी एकापाठोपाठ एक प्रश्न विचारले, वर पंखा खडखडत होता, आणि माझी वाचा गेली. उत्तर डोक्यात होते, निदान त्याचा सांगाडा होता. तोंडापर्यंतचा रस्ता तेवढा नव्हता. भीती म्हणावी तर तीही नव्हती; बोबडी वळते तेव्हा काही तरी निघते, इथे काहीच निघत नव्हते. समोरच्यांनी आवाज चढवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे रस्ता आणखी बंद झाला. हात चालत होता. कागद मागितला असता तर लिहिता आले असते, पण कागद मागायलाही तोंडच लागते. नंतर माझ्या नावापुढे शेरा पडला : 'उमेदवाराने उत्तर दिले नाही.' हे वाक्य शुद्ध आहे. त्यात कर्ता आहे, कर्म आहे, नकार आहे. 'देता आले नाही' असे लिहायला एक शब्द जास्त लागला असता.

कार्यालयी मराठीची ही सवय जुनी आहे. निजामाच्या राज्यात उर्दूतून कारभार पाहिलेल्या आमच्या भागात साक्षीला अजून 'जबानी' म्हणतात. जबान म्हणजे जीभ. जिभेवाटे जे आले ते जबानीत उतरते, आले नाही ते नसतेच.

पण गप्प माणसाला दोषी धरण्याची मुळे त्याहून खूप खोल आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खोटा वादी किंवा साक्षीदार कसा ओळखावा याची लक्षणे दिली आहेत. तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांच्या कडा चाटतो, कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, तोंड कोरडे पडून बोलणे अडखळते, समोरच्याच्या बोलण्याला आणि नजरेला तो प्रतिसाद देत नाही. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चकितच झाले. नजर न देणे, येरझारा, ओठांशी चाळा, वाचा सुकणे : आज स्वमग्न प्रौढाच्या ताणाचे वर्णन करताना जे लिहावे लागते तेच इथे दोषाचा पुरावा म्हणून मांडले आहे. आणि तरी या परंपरेला एकरंगी म्हणता येत नाही. याच श्लोकांवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त टीका लिहिली. सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळातला हा माणूस कल्याणीचा, म्हणजे मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणचा. तो सांगतो की या लक्षणांवरून दोषाचा केवळ संशय घेता येतो, निश्चय करता येत नाही. कारण कोणता विकार स्वभावतः आहे आणि कोणता प्रसंगाने आला हे ओळखणे अवघड असते. नऊशे वर्षांपूर्वीच्या या टीकाकाराने ठेवलेली शंका आमच्या मुलाखत मंडळांनी ठेवली असती तर पुष्कळ झाले असते.

आता विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७). चौकशीपुढे वाचा जाण्याचे याहून मोठे नाट्य मराठीत नाही. लीला बेणारेवर इतके लिहिले गेले आहे की आणखी लिहिणे धाडसाचे आहे. पुरुषी समाजाने मुकी केलेली स्त्री, मध्यमवर्गाचा लपलेला हिंस्रपणा, खेळाचे शिकारीत होणारे रूपांतर, ही सगळी वाचने योग्यच आहेत. माझे लक्ष त्यांनी सहसा ओलांडून जाणाऱ्या दोन गोष्टींकडे आहे.

पहिली गोष्ट, बेणारे ही नाटकातली सर्वांत बोलकी व्यक्ती आहे. सुरुवातीला ती सामंतांशी केवढे बोलते! नकला करते, गाते, थट्टा करते, शाळेबद्दल, मुलांबद्दल भरभरून सांगते. तीच बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गप्प होते. कोर्टाला हे मौन साहजिकच कबुलीसारखे वाटते, कारण 'मघाशी तर बोलत होती.' ज्याची वाचा कधीच नसते त्याला समाज निदान मुका म्हणून ओळखतो. ज्याची वाचा येते-जाते त्याच्यावर ढोंगाचा आरोप होतो, आणि त्याचा आधीचा बोलकेपणाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. तेंडुलकरांनी हा पुरावा पहिल्या अंकातच प्रेक्षकांच्या हाती दिला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ते दहा सेकंद. आरोपीला आपली बाजू मांडायला दहा सेकंद दिले जातात. ती हलत नाही. मग प्रकाश बदलतो, बाकीचे थिजतात आणि ते प्रसिद्ध स्वगत सुरू होते. रंगमंचावर ते काही मिनिटे चालते. कोर्टाच्या घड्याळात मात्र दहाच सेकंद जातात, आणि आरोपीला काही सांगायचे नाही अशी नोंद करून न्यायाधीश निकालाकडे वळतात. आपण याला 'स्वगत' म्हणून पुढे जातो, पण जुन्या नाटकातल्या स्वगताहून हे अगदी निराळे आहे. तिथे पात्र एकटे असते आणि बोलते. इथे सगळे समोर आहेत, बोलण्याची मागणी झालेली आहे, मुदत चालू आहे, आणि बोलणे निघत नाही. तेंडुलकरांनी बोलणे आणि आवाज यांची फारकत केली. आत काय आहे आणि बाहेर काय नोंदले गेले, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी दाखवल्या. 'बोलवेना'चे इतके अचूक दृश्यरूप मला दुसरीकडे कुठे सापडलेले नाही.

आणि इथेच माझी नाटकाविषयीची तक्रारही आहे. ते स्वगत फार सुरेख आहे. त्यात चढउतार आहेत, कडवा विनोद आहे, शरीर आणि मन यांचा युक्तिवाद आहे. सुलभा देशपांडे यांच्यापासून पुढच्या कितीतरी अभिनेत्रींनी ते गाजवले आणि नाट्यशिक्षणाच्या वर्गात ते आजही परीक्षेचा तुकडा म्हणून म्हटले जाते. प्रेक्षकाला त्याने मोठा दिलासा मिळतो : ही गप्प होती, पण आत केवढी वाणी होती! बोलणे बंद पडलेल्या माणसाच्या आत मात्र प्रत्येक वेळी अशी वाणी नसते. कधी दोन शब्द असतात, कधी एखादे चित्र, कधी मघाच्या प्रश्नाचाच प्रतिध्वनी. त्या माणसाला ऐकून घेण्याचा हक्क आतल्या वक्तृत्वामुळे मिळतो की त्याच्या तिथे उभे असण्यामुळे, हा प्रश्न स्वगताच्या टाळ्यांत बुडतो.

मौनाची किंमत वक्तृत्वाने चुकती करण्याची ही रीत तेंडुलकरांनी काढलेली नाही. ती कीर्तनातून आली आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातला जडभरत लोकांसमोर मूक आणि जड होऊन राहतो. रहूगण राजाची पालखी वाहताना मुंगी चिरडू नये म्हणून वेडीवाकडी पावले टाकतो, राजा हिणवतो, आणि मग तो तोंड उघडतो ते थेट ब्रह्मज्ञानासाठी. राजा पालखीतून उतरून पाया पडतो. ही गोष्ट लहानपणी मी कितीदा ऐकली असेल! ऐकणाऱ्याला तिच्यातून दोन धडे मिळतात. एक, गप्प माणसाला हिणवू नये, कारण तो ज्ञानी असू शकतो. दोन, गप्प बसणे हे त्याचे सोंग होते. पहिला धडा चांगला आहे, पण अटीसह आहे. दुसरा सरळ घातक आहे. आणि तोंड उघडल्यावर ज्ञान नाही निघाले तर? त्या भोयाबद्दल कथा काही सांगत नाही.

जयवंत दळवींच्या 'नातीगोती'ने ही अट मोडली, हे त्यांचे श्रेय. त्यातला मतिमंद मुलगा शेवटपर्यंत ज्ञानी ठरत नाही. पण ते नाटक आईबापांचे आहे. मुलगा रंगमंचावर असतो आणि त्याच्याभोवती दुःख घडते; त्याच्या बाजूने जग कसे दिसते हे नाटकाने विचारलेले नाही. तो एक वेगळाच लेख होईल.

शब्दांची भरपाई न मागणारी एक कलाकृती मला माहीत आहे, आणि ती चित्रपट आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' (२०१६) स्वमग्नतेवर नाही, नैराश्यावर आहे. दोहोंची गल्लत करू नये. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण बोलेनासा झालेला आहे आणि जानकी नावाची बाई त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या घरात थारा देते. तो कोण, कुठला, त्याने असे का केले, हे ती विचारत नाही. जेवण समोर येते, माणसे आपापली कामे करत राहतात, किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण चालते. चित्रपटाला घाई नाही. या तरुणाला पुढे जे थोडेफार बोलता येते ते कोणी आव्हान दिले म्हणून येत नाही, आव्हान काढून घेतल्यामुळे येते. काहींना तो संथ वाटला. माझ्या मते त्याची गती हाच त्याचा युक्तिवाद आहे.

'शांतता!'तही असा एक क्षण आहे, आणि समीक्षेने त्याला करुणेचा लहानसा शेवट मानून सोडून दिले आहे. सगळे निघून जाऊ लागतात. बेणारे पडलेली असते. गावातला तो साधा सामंत, ज्याला खोटी साक्ष वाचायला लावलेली असते, पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्याशेजारी ठेवतो. तो काही विचारत नाही. ठेवलेले खेळणे पोपटाचे आहे, याकडे कोणी लक्ष दिल्याचे माझ्या वाचनात नाही. पोपट म्हणजे बोलणारा पक्षी, शिकवलेले बोल म्हणून दाखवणारा. हा मात्र कापडाचा आहे, त्याच्याकडून बोलण्याची अपेक्षाच करता येत नाही. संपूर्ण नाटकात बेणारेच्या जवळ आलेली आणि तिला काही न विचारणारी ही एकमेव वस्तू.

परभणी जिल्ह्यात बसून हे लिहिताना गंगाखेडच्या जनाबाईला टाळता येत नाही. जनाबाई स्वमग्न होती असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. संतांची निदाने करण्याचा जो नवा छंद लागला आहे तो मला जुन्या चमत्कारकथांइतकाच भाबडा वाटतो. मला तिची कथा हवी आहे ती बोलण्याच्या जागेसाठी. पंढरपुरात दामाशेटीच्या घरची ही दासी. देवाच्या गळ्यातले पदक चोरल्याचा आळ तिच्यावर येतो आणि तिला सुळाकडे नेले जाते. सुळाचे पाणी होते आणि ती सुटते. महिपतीच्या 'भक्तविजया'मुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. तिच्या बाजूने काय खरे होते ते शेवटी सुळाला सांगावे लागले. दासीच्या शब्दाला पंचांपुढे किंमत नव्हती, तो फुटो की न फुटो.

तीच जनी जात्यावर बोलते. दळताना, कांडताना, शेण्या वेचताना तिचे अभंग येतात. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो आणि त्यातला शास्त्रीय भाग विसरतो. हाताला एकसुरी काम आहे, कानाला ठरावीक घरघर आहे, समोर कोणाचे तोंड नाही, उत्तराची मुदत नाही. ज्याची वाचा जाते त्याला ती परत कशी येते हे विचारले तर तो जवळजवळ हीच परिस्थिती सांगेल. जनाबाईच्या आणि ओव्यांच्या अभ्यासात आपण तिने काय म्हटले ते पाहतो, कष्टाचा आणि जातीचा विचार करतो, तो करायलाच हवा. बोलणे कुठल्या जागी शक्य झाले, हा प्रश्न मात्र आपण ओव्यांना विचारत नाही, आणि बेणारेलाही विचारलेला नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारांची नावे आहेत त्यांत स्वमग्नता आहे. परीक्षेत लिहिता न येणाऱ्याला लेखनिक मिळतो, ही गोष्ट आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. बोलता न येण्याच्या वेळेसाठी कागद, फलक किंवा टंकलेले वाचून दाखवणारा मोबाइल चालेल, एवढे तोंडी परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या पत्रात आधीच छापायला काही अडचण नाही. मराठी परंपरेत लेखनिक काही परका नाही. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले असे सांगतात, आणि जनीचे खुद्द पांडुरंगाने. त्या कथेतला लेखनिक समोर बसून तिला प्रश्न विचारत नाही. आधी तो तिच्याबरोबर दळायला बसतो, जात्याचा खुंटा दुसऱ्या बाजूने धरून.